स्कार्फ कोण बांधणार

लाँड्रीवाल्या बाईंच्या दुकानात चुरगळलेला कागदसुद्धा टिकत नसे. घरातल्या पोरीने, मुंगीने, स्काउट पथकात जायचा अर्ज इस्त्रीला आलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवला होता. बाईंनी तो टेबलावर पसरला, पालथा घातला, कोमट इस्त्री एकदा फिरवून सरळ केला आणि मगच वाचला. वय नऊ, वर्ग चौथा, सायकल येते, पोहता येत नाही, असं सगळं मुंगीने स्वतःच्या अक्षरात भरलं होतं. खाली पालकांच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा होता आणि तो दिवस होता शुक्रवार.

मुंगी बाईंची मुलगी नव्हती. ती चार वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली, आणि बाई त्या घरात आल्या त्याला आता दोन वर्षं होत होती. म्हणजे बाई सावत्र आई. हा शब्द लोकांनी इतका बदनाम करून ठेवलाय, की तो कानावर पडला की माणसं आधी पोरीच्या अंगावर वळ शोधतात. वळ सोडा, बाईंनी मुंगीवर कधी साधा आवाजही चढवला नव्हता. आवाज चढवायला आधी काही बोलणं तरी व्हावं लागतं, आणि इथे घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

मुंगी बाईंना हाकच मारत नसे. आई म्हणत नसे, मावशी म्हणत नसे, काकू नाही, काही नाही. पोरगी उद्धट नव्हती. सांगितलेलं ऐकायची, संध्याकाळी शटर ओढायला हात लावायची, ताटात काही टाकायची नाही. पण जे काही बोलायची ते हवेत सोडून द्यायची. "भूक लागलीय" हे ती भिंतीला सांगायची, "उद्या लवकर उठायचंय" हे दाराला. बाई पलीकडच्या खोलीत असल्या तर उठून तिथे यायची आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहायची. एकदा बाईंचं लक्ष गेलं नाही, तर बिचारी पाव तास उभी होती.

बाईंनी पहिले सहा महिने कळ काढली आणि मग नवऱ्याजवळ विषय काढला. नवरा पुलांच्या कामावर क्रेन चालवायचा, पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी घरी यायचा. तो म्हणाला, लहान आहे, होईल हळूहळू. होईल होईल म्हणता आणखी दीड वर्ष उलटलं. बाईंनी विषय काढायचं सोडून दिलं. वाट बघणं मात्र त्यांना सोडता आलं नाही.

तर सही. बाईंनी नवऱ्याला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर चालली होती. तो ओरडून म्हणाला, "कर की तू सही, त्यात काय विचारायचं?" त्यात काय विचारायचं ते क्रेनवर बसलेल्या माणसाला फोनवर समजावणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी सही केली. जितकी नीट येत होती तितकी नीट केली. मुंगी दुकानाच्या पायरीवर पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधत होती. बाईंनी अर्ज घडी न घालता तिच्या दप्तरात सरकवला तोवर ती एकच नाडी तिसऱ्यांदा बांधायला लागली होती.

पथक शनिवारी दुपारी शाळेमागच्या मैदानात भरायचं. पथकाचे प्रमुख निवृत्त बस कंडक्टर होते, पण लहानथोर सगळे त्यांना कप्तान म्हणत. गळ्यात शिट्टी, घड्याळावर डोळा, आणि मुलांना रांगेत उभं करताना "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणायची सवय काही सुटलेली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी घरच्या माणसांनाही थांबवून घेतलं आणि नियम सांगितले. दोन महिने शिकायचं, मग तीन परीक्षा द्यायच्या. दिशा ओळखणं, गाठी मारणं आणि प्रथमोपचार. जो पास होईल त्याने पथकासमोर वचन म्हणायचं आणि गळ्यात पथकाचा निळा स्कार्फ बांधून घ्यायचा. स्कार्फ गळ्यात पडला की मूल पथकाचं झालं.

"आणि स्कार्फ मी बांधत नसतो," कप्तान म्हणाले. "वचन म्हणून झालं की मी विचारणार, स्कार्फ कोण बांधणार? मग मुलानं आपल्या माणसाला हाक मारायची. मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. कोणाला हाक मारणार ते आधी सांगायचं नाही आणि मोठ्यांनी विचारायचं नाही. पोराला पढवून आणलंत तर मला लगेच कळतं."

घरची माणसं हसली. कप्तानांनी पुढे असंही सांगितलं, की एका वर्षी एका मुलाने आईवडील समोर उभे असताना शेजारच्या आजोबांना हाक मारली, आणि आईवडिलांनी महिनाभर त्या आजोबांशी अबोला धरला. माणसं पुन्हा हसली. बाई हसल्या नाहीत. समोर मुंगी बुटाच्या टोकाने माती उकरत उभी होती, आणि बाईंना स्वच्छ कळलं की आपल्याला ती हाक हवी आहे. इतक्या माणसांसमोर, मोठ्यानं मारलेली. आणि ती आपल्याला मिळायची नाही हेही तितकंच स्वच्छ कळलं, कारण जी पोरगी जेवताना मीठ मागायला हाक मारत नाही, ती भर मैदानात कुठली मारायला?

घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घातली. बाप आहे ना? बापाचा मान पहिला. त्याला त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवायला सांगायची, म्हणजे झालं. पोरीने बाबा म्हणून हाक मारली की आपण टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजवायला कोणाची ना नाही.

पुढचे दोन महिने दुकानात पथकाचाच कारभार चालला. गठ्ठे बांधायची दोरी मुंगीने टेबलाच्या पायांना, शटरच्या कडीला, हँगरच्या दांडीला, मिळेल तिथे बांधून ठेवली. एकदा तर एका गिऱ्हाइकाची सायकल तिने खांबाला इतकी पक्की बांधली, की शेजारच्या चावीवाल्याला पक्कड घेऊन यावं लागलं. चावीवाला म्हणाला, "माझ्या कुलपांना आता कोण विचारणार? पोरीला दुकान काढून द्या." त्यावर मुंगी हसली. ती चावीवाल्याला खुशाल काका म्हणायची, मागच्या गल्लीतल्या केशकर्तनालयवाल्याला मामा म्हणायची, दूध टाकायला येणाऱ्याला दादा म्हणायची. सगळ्या रस्त्याला तिने नाती वाटून टाकली होती. एक दुकान तेवढं वाटणीतून राहिलं होतं, आणि नेमकं तिच्या घरचं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कप्तानांनी प्रत्येक मुलाला पथकाच्या कपाटातला एकेक स्कार्फ दिला आणि घरून धुऊन आणायला सांगितलं. प्रथमोपचाराची परीक्षा त्याच स्कार्फवर व्हायची होती. मुंगीने आपला आणून टेबलावर ठेवला. तिकोनी निळं सुती कापड, कडेला विटलेलं, एका टोकाची शिवण उसवलेली, आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास.

आता इथे बाईंचा स्वभाव आडवा आला. चांगलं धुऊन वाळवून दिलं असतं तर काम झालं असतं, पण ज्या बाईने वीस वर्षं नर्सच्या टोप्या आणि हॉटेलातल्या वेटरांच्या कॉलर कडक करून दिल्या, तिच्या घरातून कापड नुसतं धुऊन बाहेर जाणं म्हणजे नाक कापल्यासारखं. बाईंनी उसवलेली शिवण घातली. एक जुना डाग होता तो काढला. मग टोप्यांसाठी ठेवलेला घट्ट स्टार्च काढला, त्यात थोडी भर घातली, स्कार्फ दोनदा बुडवला, अर्धवट वाळवला आणि अख्खा भार देऊन इस्त्री केली. स्कार्फ आरशासारखा चमकायला लागला. एका टोकाला धरून उचलला तरी बाकीचं कापड वाकायला तयार नव्हतं. बाईंना वाटलं, हाकेचं काय व्हायचं ते होवो, एवढं तर आपल्या हातात आहे. मुंगीने तो दोन्ही तळव्यांवर झेलून घेतला आणि छान झालाय असं कपाटाला सांगितलं.

परीक्षेच्या शनिवारी बाई दुकान लवकर बंद करून मैदानावर गेल्या. दिशा झाल्या होत्या, गाठी झाल्या होत्या, आणि मुंगी एका मुलाचा मोडलेला हात झोळीत बांधत होती. हात अर्थातच धडधाकट होता. मुंगीने स्कार्फ त्याच्या छातीवर धरला, तर तो पुठ्ठ्यासारखा उभाच राहिला. तिने कोपराकडे वळवला, तर कडकड वाजला आणि पुन्हा सरळ झाला. गाठ मारायला दोन टोकं मानेजवळ आणली, तर ती तिथून सुटून पोराच्या कानात गेली. पोरगं खिदळायला लागलं आणि मग सगळेच खिदळायला लागले. मुंगी मान खाली घालून टोकं पुन्हा पुन्हा जवळ आणत होती. शेवटी तिने स्कार्फ खाली ठेवला, तर तो गवतावर तंबूसारखा उभा राहिला.

कप्तानांनी शिट्टी वाजवून मुलांना गप्प केलं. त्यांनी स्कार्फला बोटाने टिचकी मारली आणि हा कोणी धुतला म्हणून विचारलं. मैदानाच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाई एक पाऊल पुढे आल्या.

"मीच," मुंगी म्हणाली.

कप्तानांनी वहीत तिच्या नावापुढे "पुन्हा" असं लिहिलं.

बाईंनी मुंगीला फाटकाशी थांबायला सांगितलं आणि त्या तडक कप्तानांकडे गेल्या. स्टार्च माझा आहे, पोरीचा काही दोष नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. कप्तान म्हणाले, "ते कळलं मला. नऊ वर्षांच्या पोरीला असा स्टार्च येत नसतो. मी तर आख्ख्या जन्मात बघितला नव्हता." मग त्यांनी नियम सांगितला. पुढच्या शनिवारी पुन्हा परीक्षा, आणि त्यातही राहिली तर सहा महिने थांबायचं. स्कार्फ हा मिरवायला नसतो, कोणी पडलं तर बांधायला, रक्त आलं तर दाबायला असतो, तेव्हा तो मऊ हवा. इस्त्रीसुद्धा नको.

"इस्त्रीसुद्धा नको?" बाईंनी विचारलं. त्यांना वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"नको म्हणजे नको," कप्तान म्हणाले.

दोघी घरी निघाल्या. बाईंच्या डोक्यात ते "मीच" घोळत होतं. पोरीने आपल्याला पाठीशी घातलं, की आपलं नाव घ्यावं लागेल म्हणून सगळं स्वतःवर घेतलं? कोणी धुतला, तर अमुकने धुतला, असं म्हणायला आधी ते अमुक काय ते ठरलेलं हवं. पहिलं खरं असलं तर जीव ओवाळून टाकावा आणि दुसरं खरं असलं तर कुठे तोंड लपवावं, असं त्यांना झालं. विचारायची तर सोय नव्हती. दवाखान्याच्या कोपऱ्यावर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

मुंगीने वाटेतला एक खडा बुटाने पुढे ढकलला. मग तिने फुटपाथला सांगितलं, "चमकत मात्र मस्त होता."

रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या बाजूला दोघींनी स्टार्च काढायला घेतला. घालणं सोपं असतं, काढणं जिकिरीचं. बाईंनी बादलीत कढत पाणी ओतलं, स्कार्फ बुडवून ठेवला आणि मुंगीला बाही वर करायला सांगितली. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि कापड हाताला बुळबुळीत लागायला लागलं. मुंगीने तोंड वाकडं केलं, पण हात काढला नाही. कापड दोन मुठींत धरून कसं चोळायचं, कडेला जास्त का चोळायचं, पाणी ओतताना बोटांनी चाचपून कसं बघायचं, हे बाई दाखवत गेल्या. चौथ्या पाण्याला बुळबुळ गेली. पाचवं पाणी मुंगीने स्वतःहून घेतलं, खात्रीसाठी.

दुपारी स्कार्फ दोरीवर वाळला. मऊ झाला होता, आणि सुरकुत्यांनी भरला होता. बाईंनी तो काढला, टेबलावर पसरला, आणि वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात इस्त्रीकडे गेला. इस्त्री गार होती. तिची पिन मुंगीने आधीच काढून ठेवली होती आणि ती बाहेर पायरीवर बसून निरागस चेहऱ्याने रस्ता बघत होती.

सोमवारी शाळेतून आल्यावर मुंगी स्कार्फ घेऊन टेबलाशी उभी राहिली. सराव करायला एक हात हवा होता. चावीवाला काका गिऱ्हाइकात अडकला होता. मुंगी उभी होती, उभीच होती. शेवटी बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि आपला उजवा हात पुढे केला.

पहिली झोळी ढिली पडली आणि हात पोटावर आला. दुसरी इतकी आवळली गेली, की बाईंची बोटं निळी पडायला लागली. मुंगी पुस्तकातलं पुटपुटत होती, तळवा कोपरापेक्षा थोडा वर, बोटांची टोकं बाहेर, गाठ मानेच्या हाडावर नको, बाजूला. बाईंना स्टुलावर बसायला लागलं, कारण तिचा हात मानेपर्यंत पुरत नव्हता. गाठ मारताना मानेवरचे चार केस गाठीत सापडले. मुंगीने ते एकेक करून सोडवले, बाजूला केले आणि गाठ पुन्हा मारली. दोन वर्षांत तिचा हात बाईंना असा पहिल्यांदा लागत होता. बोटं गार होती आणि थोडी शाईने भरलेली.

"दुखतंय का?" मुंगीने विचारलं. भिंत लांब होती आणि दार त्याहून लांब, तेव्हा हा प्रश्न बाईंनाच होता.

"नाही," बाई म्हणाल्या. मान चांगलीच ओढली जात होती.

मंगळवारपासून मुंगीने नियम काढला. गाठ टिकते का बघायची, म्हणून शाळेतून आल्याबरोबर झोळी बांधायची, ती दुकान बंद होईपर्यंत सोडायची नाही. बाईंनी कबूल केलं आणि चार दिवस संध्याकाळची सगळी इस्त्री डाव्या हाताने केली. बाह्या उलट्या दुमडल्या गेल्या, एका शिक्षकांच्या पँटला एकाऐवजी दोन रेषा पडल्या. गिऱ्हाइकं हात कसा मोडला म्हणून हळहळायची. बाई सांगायच्या, मोडला नाही, आमच्याकडे परीक्षा आहे. चावीवाल्याने दारातून डोकावून विचारलं, "बाई, पास कोण होणार, तुम्ही की ती?"

"दोघी," मुंगी आतून म्हणाली.

बाईंच्या डाव्या हातातली इस्त्री थांबली, आणि एका लेंग्यावर तपकिरी डाग उमटायच्या आत त्यांनी ती उचलली. नंतर त्यांनी स्वतःला दटावलं, एका शब्दावर एवढं हुरळून जायचं नाही.

शनिवारी परीक्षा दहा मिनिटांत उरकली. कप्तानांनी गाठ ओढून पाहिली, झोळीखाली हात घालून पाहिलं, मुलाला उड्या मारायला लावल्या. झोळी जागची हलली नाही. त्यांनी "पुन्हा" हा शब्द खोडून वर "पास" लिहिलं. वचनाचा दिवस दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी होता.

नवरा ठरल्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी आला. मुंगीने त्याला दारातच दिशा, गाठी, झोळी सगळं एका दमात सांगितलं आणि बादलीत पांढऱ्या झालेल्या पाण्याचंही सांगितलं. बाईंनी त्याचा निळा शर्ट काढला आणि मन लावून इस्त्री केली. स्टार्चसुद्धा घातला, कॉलरला. उद्या सगळं मैदान याच्याकडे बघणार, तेव्हा माणूस जरा नीट दिसला पाहिजे. नवऱ्याने विचारलं, तू काय घालणार आहेस? बाई म्हणाल्या, मला कोण बघतंय.

मैदानात घरची माणसं एका बाजूला उभी होती. बाईंनी नवऱ्याला पुढे केलं आणि आपण त्याच्या मागे, पाण्याच्या बाटलीची आणि खाऊच्या डब्याची पिशवी धरून उभ्या राहिल्या. तो म्हणाला, तूही ये की पुढे. बाई म्हणाल्या, मी पिशवी धरते. पिशवी काही इतकी जड नव्हती.

सहा मुलं रांगेत होती. एकेकाने पुढे यायचं, टेबलावरचा आपला स्कार्फ उचलायचा, वचन म्हणायचं आणि हाक मारायची. पहिल्याने आजीला हाक मारली. आजी येईपर्यंत बराच वेळ गेला आणि सगळे कौतुकाने थांबले. दुसरीने बाबांना, तिसऱ्याने मोठ्या भावाला. भाऊ लाजून लाल झाला. एकदा का स्कार्फ बांधायला सुरुवात झाली, की सगळ्यांचे बांधून होईपर्यंत मुलांनी आपली जागा सोडायची नाही अशी कप्तानांची ताकीद होती, आणि ती सगळ्यांनी पाळली.

मुंगी शेवटची. ती पुढे आली, स्कार्फ उचलला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी वचन देते, की मी खरं बोलेन, हातातलं काम अर्धवट सोडणार नाही, आणि कोणाला मदत लागली तर आपण होऊन जाईन."

"स्कार्फ कोण बांधणार?" कप्तानांनी विचारलं.

नवऱ्याने कॉलर सारखी केली आणि एक पाय पुढे टाकायच्या बेतात उभा राहिला. मुंगीने तोंड उघडलं. मिटलं. तिने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यामागे पाहिलं, आणि तिचे कान लाल होत गेले. कप्तानांनी पुन्हा विचारलं, जरा हळू. मुलांच्यात कुजबुज सुरू झाली. वचन पाठ केलं आणि एवढंच विसरली, असं कोणाची तरी आई म्हणाली. बाईंना पोरीचे हाल बघवेनात. बाबा म्हण गं, त्या मनातल्या मनात विनवत होत्या, सोपा शब्द आहे, रोज म्हणतेस, म्हण आणि सुटून जा. ती हाक आपल्याला हवी होती हेसुद्धा त्या क्षणी त्यांना आठवलं नाही.

मुंगीने जागा सोडली. ती धावली नाही, सरळ चालत निघाली, अख्खं मैदान ओलांडून घरच्या माणसांकडे आली. बापासमोर क्षणभर थांबली, मग त्याला वळसा घालून मागे गेली. बाईंच्या हातातली पिशवी तिने काढून घेतली, बापाच्या हातात दिली, आणि बाईंचं मनगट धरलं.

"अगं, जागा सोडायची नसते," कप्तान टेबलाशेजारून म्हणाले. "हाक मारायची असते."

मुंगी त्यांच्याकडे वळली. ती बोलली ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"हाक काय मारायची ते अजून ठरलं नाहीये. म्हणून न्यायला आलेय."

मैदानात कोणी हसलं नाही. कप्तानांनी शिट्टी तोंडाशी नेली, तशीच खाली सोडली आणि टोपी काढून पुन्हा घातली. अशा वेळी काय करायचं ते त्यांच्या कुठल्याच नियमात नव्हतं. "ठरलं की सांग मला," ते म्हणाले. "घाई नाही."

मुंगीने स्कार्फ बाईंच्या मोकळ्या हातात कोंबला आणि मनगट ओढलं. दोन वर्षं बाई हाकेची वाट बघत बसल्या होत्या. आपल्याला कोणी न्यायला येईल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण एक हात मुंगीने धरला होता आणि दुसऱ्यात स्कार्फ होता, म्हणून त्या डोळे न पुसता तशाच तिच्याबरोबर चालत गेल्या.